चौघांचं कुटुंब, एक तंबू, तीन हजारांच्या आत: नाशिककरांसाठी पहिल्या कॅम्पिंगची तयारी

भंडारदऱ्याला शनिवारी रात्री तंबूत राहायचं तर जेवणासकट पॅकेज माणशी साधारण हजार ते दीड हजाराला पडतं. चौघांचे चार ते सहा हजार, वर पेट्रोल. एवढ्या पैशांत हॉटेलात गरम पाणी आणि गादी मिळते, मग कॅम्पिंग स्वस्त कसं, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. बरोबर विचारतात. पॅकेज घेतलं तर ते स्वस्त नाहीच. शनिवार टाळला, तंबू विकत न घेता मागून किंवा भाड्याने आणला आणि स्वयंपाक आपला आपण केला, तरच पैसे वाचतात. यातली एक गोष्ट सुटली की हिशेब हॉटेलच्या जवळ जातो, तिन्ही सुटल्या तर पुढेच जातो.

लहान मुलं, एखादे आजी-आजोबा आणि जेमतेम एक सुट्टी, अशा घरासाठी हे लिहितोय. गडावर मुक्काम ठोकणाऱ्या ट्रेकर मंडळींना यात नवीन काही सापडणार नाही.

## १. आधी वार ठरवा, जागा नंतर

रविवारी दुपारी निघा, सोमवारी दुपारी परत या. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत मुलांची शाळा बंदच असते, मोठ्यांची एक रजा जाते. शनिवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून मुंबईकरांना आपला भाग आणखी जवळ आला आहे. रविवारी संध्याकाळी हीच मंडळी उलट दिशेने निघतात, तळ रिकामा होतो आणि भावही खाली येतो. तो मागावा लागतो, आपण होऊन कोणी कमी करत नाही.

हंगाम म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. त्यातही पाच वर्षांखालचं मूल असेल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बघा. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत निफाडचा पारा दरवर्षी बातमीत येतो, धरणाकाठी वाऱ्यामुळे गारठा त्याहून जास्त लागतो. मार्चनंतर दुपारी ऊन, अधूनमधून अवकाळी आणि गारा, डोंगरावर वाळलेलं गवत आणि वणवे. पावसाळ्यात तंबूच्या नादी लागू नका. मेअखेरीस काजवे बघायला झुंबड उडते. काजवे बघावेतच, पण तंबूची पहिली रात्र त्या गर्दीत काढू नये.

चांदण्या बघायच्या असतील तर अमावस्येच्या आसपासचा दिवस धरा. दरवर्षी १३-१४ डिसेंबरला मिथुन राशीतला उल्कावर्षाव जोरात असतो. शहरातल्या गच्चीवरून त्यातलं फारसं काही दिसत नाही, भंडारदऱ्याच्या अंधारात मुलं एकेक मोजत बसतात. त्याच दिवसांत मृग नक्षत्र आणि कृत्तिकांचा पुंजका रात्रीचा बराच वेळ आकाशात असतो. दुर्बीण वगैरे काही लागत नाही.

## २. पहिली रात्र घराजवळ काढा

सुरुवातीला लांबची जागा नको. मुलाला ताप आला, आईला झोपच लागेना, तर रात्री अकराला गाडी काढून घरी येता आलं पाहिजे. या हिशेबाने माझा क्रम असा आहे:

गंगापूर धरण, काश्यपीचा परिसर. गंगापूर धरण शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आत, काश्यपी थोडं पुढे. शेतकऱ्यांच्या खाजगी जागा, काही ठिकाणी द्राक्षबागेच्या कडेला तंबू. रान म्हणावं असं इथे फार काही नाही, पण घर हाकेवर आहे. पहिली रात्र इथेच.

इगतपुरीकडे भावली, घोटीवरून वैतरणा. नाशिकपासून पन्नास-साठ किलोमीटर. भातखाचरं, डोंगर, पाणी, सगळं आहे आणि महामार्ग जवळ असल्याने अडीअडचणीला घोटी-इगतपुरी गाठता येतं. जाताना घोटीतून तांदूळ घ्या, भातगिरण्यांचं गाव आहे.

भंडारदरा. सत्तरएक किलोमीटर, घोटीवरून बारीमार्गे. बारी म्हणजे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव, शिखर १,६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच. विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं, त्याच्या मागचा जलाशय फिरत रतनवाडीपर्यंत जातो आणि तिथलं अमृतेश्वराचं जुनं दगडी मंदिर मुलांनाही आवडतं. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा नियमही अभयारण्याचे: नाक्यावर माणशी आणि गाडीमागे शुल्क, दारू नाही, स्पीकर नाही. पावती परत येईपर्यंत खिशात ठेवा.

साल्हेर, हरिहर, सांदण दरी ही नावं कोणी सुचवली तर मान हलवून गप्प बसा. जागा एकाहून एक आहेत, पण मुलं आणि आजी घेऊन मुक्कामाला जायच्या नाहीत.

गाडी नसेल तर घोटीपर्यंत एसटी आणि पुढे भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावाकडे जीप मिळते. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरच्या पुढच्यांना प्रवास मोफत. मात्र मग स्वतःचा तंबू, भांडी, गोधड्या नेणं जमत नाही. अशा वेळी तिथलाच तंबू घ्या, जेवण गावात सांगा. तरीही खर्च आटोक्यात राहतो.

## ३. फोनवर काय विचारायचं

जागेचे फोटो बघून पैसे पाठवू नका. हिरव्यागार कुरणावरचे रंगीत तंबू सप्टेंबरात टिपलेले असतात, जानेवारीत तिथे पिवळं गवत असतं. ‘अगदी पाण्याला लागून’ असं सांगितलं तरी दिवाळीनंतर पाणी मागे सरकत जातं आणि फेब्रुवारीत काठापर्यंत जायला चिखल-दगडांतून बरंच चालावं लागतं. म्हणून थेट विचारा:

- संडास किती आणि किती तंबूंना मिळून? दाराला आतून कडी आहे का, रात्री दिवा असतो का?
- कमोड आहे की भारतीय पद्धतीचा? ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्या दृष्टीने सगळी सहल या एका उत्तरावर आहे.
- स्वतःचा तंबू लावला तर जागेचं भाडं किती? चूल पेटवू देता का?
- गाणी किती वाजता बंद होतात? रात्री दहानंतर स्पीकर लावायला कायद्याने बंदीच आहे, तरी विचारायचं. उत्तर देताना माणूस किती अडखळतो ते ऐका.
- आज तिथे उभं राहून एक छोटा व्हिडिओ पाठवाल का?

शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. ज्याची जागा खरी आहे तो पाच मिनिटांत पाठवतो. आगाऊ रक्कम थोडी द्या, उरलेली तिथे गेल्यावर. पूर्ण पैसे आधीच मागणाऱ्याला नमस्कार करा.

‘कुठेही मोकळी जागा बघून तंबू ठोकू’ हा विचार डोक्यातून काढून टाका. मोकळी दिसणारी जमीन कोणाची तरी असते: वनविभागाची, पाटबंधारे खात्याची, गावाच्या गायरानाची नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची. गावात ओळख असेल तर जमीनमालकाला विचारा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. रात्री कोणी चौकशीला आलं तर तेवढं पुरतं.

## ४. तंबू: विकत घेऊ नका, निदान यंदा तरी

चार माणसांचा बरा तंबू तीन ते सहा हजारांना येतो. पहिल्याच सहलीसाठी तो घेतला तर सगळी बचत तिथेच संपली. बऱ्याच घरांत असा घेतलेला तंबू माळ्यावर पडून असतो, तो मागा. ऑफिसच्या ग्रुपवर एक निरोप टाकला तर दोन तरी सापडतात. नाही सापडला तर साहसी खेळांचं सामान भाड्याने देणाऱ्यांकडून आणा.

‘चार माणसांचा’ म्हणजे चौघं खांद्याला खांदा लावून, पिशव्या बाहेर ठेवून. दोन मोठे आणि दोन मुलं नीट मावतात. आजी-आजोबा असतील तर त्यांना वेगळा तंबू द्या, नाहीतर जागेच्या मालकाकडे खोली आहे का ते विचारा. शेतघराच्या ओसरीत खाटेवर झोपणं ज्येष्ठांना तंबूपेक्षा जास्त मानवतं.

मागून आणलेला तंबू आदल्या रविवारी गच्चीवर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभा करून बघा. काठ्या पूर्ण आहेत का, चेन शेवटपर्यंत लागते का, जाळीला भोक आहे का. चेन अडकत असेल तर मेणबत्ती घासा. बादलीभर पाणी वरून ओता, शिवणीतून कुठे झिरपतं ते कळेल. मुलांना त्या दुपारी आतच झोपू द्या, अर्धी भीती तिथेच जाते.

तंबूखाली घालायला ताडपत्री लागते. आमच्याकडे जुना फ्लेक्स असतो. निवडणूक आणि वाढदिवस या दोन कारणांनी नाशकात फ्लेक्सला तोटा नाही. उतरवल्यावर मंडप डेकोरेशनवाला स्वस्तात, कधी फुकटही देतो. नेत्याचा चेहरा जमिनीकडे करून अंथरायचा, तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान दुमडायचा. बाहेर राहिला तर दव त्याच्यावरून ओघळत थेट तुमच्या खाली येतं.

## ५. सामान

नवीन जवळपास काही घ्यावं लागत नाही.

- झोपायला: चटई, सतरंजी, गोधड्या, कानटोप्या, पायमोजे. थंडी वरून लागते त्यापेक्षा जमिनीतून जास्त येते. अंगावर एक गोधडी असेल तर अंगाखाली दोन हव्यात.
- उजेड: माणशी एक टॉर्च, जादा सेल. मोबाईलच्या टॉर्चवर विसंबू नका, रात्रीतून बॅटरी संपते.
- स्वयंपाक: पाच किलोचा छोटा सिलिंडर आणि एक शेगडी, तीन लिटरचा कुकर, एक कढई, सुरी, लायटर आणि काडेपेटी दोन्ही, स्टीलची ताटं. थर्माकोल-प्लास्टिकच्या पत्रावळ्या नकोत.
- पाणी: वीस लिटरचा एक जार पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरतो. भांडी घासायला तिथलं पाणी.
- औषधं: तापाचं, उलटीचं, अ‍ॅलर्जीचं, ओआरएस, बँडेज, डास पळवणारं मलम, घरातल्यांची रोजची औषधं एका दिवसाची जास्तीची.
- इतर: दोरी, हातोडी, साध्या लोखंडी खुंट्या, दोन घडीच्या खुर्च्या, कचऱ्याच्या पिशव्या, जुनी वर्तमानपत्रं, झाडू. तंबूच्या दारातली माती सारखी झाडावी लागते.

हातोडी आणि खुंट्या विसरू नका. तंबूसोबत मिळणाऱ्या बारीक खुंट्या आपल्याकडच्या मुरमात वाकतात आणि कातळात तर जातच नाहीत. जिथे खुंटी जात नाही तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवायचा.

## ६. कागदपत्रं आणि पैसे

सर्व मोठ्यांचं आधार किंवा दुसरं ओळखपत्र, एक झेरॉक्स संच, वाहन परवाना, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी. गाडीची कागदं डिजिलॉकरवर चालतात, पण रतनवाडीकडे नेटवर्क जातं-येतं, तेव्हा निघण्याआधी उघडून ठेवा. याच कारणाने रोख पैसे सोबत हवेत. यूपीआय फिरत राहतं आणि समोरचा चहावाला बिचारा ‘असू द्या, नंतर द्या’ म्हणतो.

हिशेब भंडारदऱ्याचा, स्वतःच्या गाडीने, चौघांसाठी. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरला दहा लिटर पेट्रोल धरलं तर अकराशेच्या आसपास. तंबूचं भाडं पाचशे, जागा आणि संडास वापराचे चार-पाचशे, किराणा-भाजी सहाशे, नाका आणि सरपण दोनशे. तीन हजारांच्या आत बसतं. गंगापूरला हेच दोन हजारांत होतं. भाव जागेगणिक थोडे बदलतील, पण कोणत्या रकान्यात पैसा जातो ते यावरून कळेल.

## ७. तंबू कुठे लावायचा

दुपारी तीनपर्यंत पोचा. अंधारात तंबू लावताना नवरा-बायकोत जे संवाद होतात ते मुलांनी ऐकण्यासारखे नसतात.

जागा किंचित उंच, सपाट. ओढ्याच्या पात्रात नको. धरणाच्या खालच्या बाजूला नदीपात्रात तर अजिबात नको, मग ते कितीही कोरडं आणि वाळूचं असो. शेतीचं आवर्तन, म्हणजे धरणातून शेतीसाठी सोडायचं पाणी, सुटलं की पात्रातलं पाणी वाढतं आणि ते तुम्हाला विचारून सुटत नाही. मोठ्या एकट्या झाडाखाली नको, वीज आणि फांदी दोन्हींची भीती. वर मान करून आग्या मोहोळ आहे का बघा. धूर गेला की आग्या माश्या उठतात, म्हणून मोहोळ दिसलं तर जागाच बदला. तंबूचं दार वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला करा. चूल तंबूपासून निदान पंधरा पावलांवर, वारा तंबूवरून जिकडे जातो त्या बाजूला, म्हणजे ठिणग्या तंबूकडे येत नाहीत.

पाण्याकडे बोट दाखवून मुलांना पहिल्याच तासात एक नियम सांगा: मोठं माणूस सोबत असल्याशिवाय काठावर जायचं नाही आणि कोणीच पोहायचं नाही. पट्टीचे पोहणारेसुद्धा नाही. धरणात दोन पावलांवर उतार संपून खोली सुरू होते, खाली गाळ असतो, पाय रुततो. गंगापूर धरणाचं पाणी तर आपल्याच नळाला येतं.

## ८. जेवण

पैसे वाचतात ते इथे. थोडी तयारी घरून केली तर तिथे कोणाला चुलीपुढे दोन तास बसावं लागत नाही.

रात्रीला पिठलं-भाकरी. भाकऱ्या सकाळी घरूनच करून सुती फडक्यात बांधून न्या, ठेचा आणि कांदा सोबत. पिठलं दहा मिनिटांत होतं. मुलांसाठी खिचडी: तांदूळ, मुगाची डाळ मोजून एका डब्यात, मसाला-हळद-मीठ एका पुडीत, तिथे धुऊन कुकरला लावायची. भाकऱ्या नको असतील तर गावात आदल्या दिवशी सांगून ठेवा. बऱ्याच घरांतून चुलीवरच्या गरम भाकऱ्या करून देतात, हॉटेलपेक्षा भाव कमी आणि पैसे त्या बाईंच्या हातात जातात.

सकाळी नाशिककराला मिसळच लागते, ते काही चुकत नाही. दोन दिवस आधी मटकी भिजत घाला, मोड आले की ओल्या फडक्यात बांधून न्या. कांदा-खोबऱ्याचं वाटण काळ्या मसाल्यात तेल सुटेपर्यंत घरीच परता आणि डब्यात भरा. सकाळी मटकी कुकरला एक शिट्टी, वाटण, पाणी, उकळी. पाव वर्तमानपत्रात गुंडाळून कुकरच्या झाकणावर ठेवले की गरम होतात. धुक्यातून पाणी दिसायला लागतं तोवर रस्सा तयार असतो.

मटण-कोंबडीचा बेत पहिल्या वेळी टाळा. उरलेल्या हाडांवर कुत्री येतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं सांगायला नको.

## ९. रात्र

शेकोटी पेटवायची तर मालकाने ठरवलेल्या जागीच, भोवती दगड, शेजारी भरलेली बादली. झोपायच्या आधी राखेत पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेवर हाताचा तळवा धरून ऊब लागली तर ती विझलेली नाही.

सिगडी किंवा निखारे तंबूत कधीच नेऊ नका. थंडी कितीही असो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपलेला माणूस जागाच होत नाही. वरच्या खिडक्याही थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर श्वासाची वाफ कापडाला लागून पहाटे चारला थेंब थेंब तोंडावर पडते.

चेन सतत बंद. आत जाताना, बाहेर येताना, ‘एक मिनिटात येतो’ म्हणतानाही. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि तिचा दंश जवळजवळ जाणवत नाही. पापण्या जड होणं, पोटात दुखणं, बोलणं अडखळणं ही लक्षणं काही तासांनी येतात. दंशाची नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करा, माणसाला चालू देऊ नका, हात किंवा पाय फळीला हलका बांधून स्थिर ठेवा आणि रुग्णालय गाठा. कापणं, चोखणं, घट्ट आवळणं, मांत्रिक, यातलं काहीही नको. जवळचं ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते निघण्याआधीच नकाशावर बघून ठेवा. बूट-चपला तंबूच्या आत पिशवीत ठेवा आणि सकाळी झटकून घाला.

अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका. संडासला जाताना दोघं, मोठा टॉर्च, बोलत बोलत. कोणी उघड्यावर बसलं असेल तर दुसऱ्याने उभं राहायचं. खाली वाकलेली लहान आकृती बिबट्याला सावज वाटू शकते, उभा माणूस सहसा नाही.

मुलं पहिल्या रात्री उशिरा झोपतात. टिटवी ओरडते, पाण्याकडून बेडकांचा आवाज येतो, ‘बाबा, ते काय होतं?’ बारापर्यंत चालतं. उत्तरं देत राहा.

## १०. निघताना

दव वाळेपर्यंत तंबू गुंडाळू नका, म्हणजे नऊ-साडेनऊ. गडबडीत ओला गुंडाळला तर घरी आल्यावर त्याच दिवशी उघडून वाळवा, नाहीतर बुरशी धरतो आणि मागून आणलेला तंबू वास येणारा परत करावा लागतो. पुढच्या वेळी तो मिळत नाही.

कचरा सगळा गाडीत. खेड्यात घंटागाडी येत नाही, तिथे टाकलेली चिप्सची पाकिटं पुढच्या पावसात धरणात जातात. ओलं-सुकं वेगळं करून घरी आणा, मंगळवारी सकाळी आपल्या घंटागाडीत द्या.

जागेच्या मालकाचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये त्याच्या गावाच्या नावासकट लिहून घ्या. पुढच्या वेळी मधला दलाल गळतो, तुम्हाला भाव कमी पडतो आणि त्यालाही दोन पैसे जास्त मिळतात. निघण्याच्या दोन दिवस आधी त्यालाच फोन करून पाणी किती मागे गेलंय आणि रात्री थंडी किती पडते ते विचारा.